निश्चल उभे राहण्याचे श्रम

म्हैसूरच्या मुख्य राजवाड्याच्या पश्चिमेस, चालत काही मिनिटांच्या अंतरावर, जगन्मोहन राजवाडा आहे. तिसऱ्या कृष्णराज वाडियारांच्या कारकिर्दीत 1861 साली उभ्या राहिलेल्या या वास्तूत पुढे संस्थानाचा चित्रसंग्रह मांडण्यात आला, आणि त्या संग्रहातील ज्या एका चित्रापुढे प्रेक्षकांची पावले हटकून रेंगाळतात ते चित्र एका मराठी चित्रकाराचे आहे, ही गोष्ट कित्येक मराठी प्रवाशांनाही ठाऊक नसते. राजा रविवर्म्याचेच हे काम असावे असे समजून ते पुढील दालनाकडे वळतात. सावंतवाडीस जन्मलेले आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी 1945-46 च्या सुमारास जलरंगांत ते रंगवले. काळोखात एक स्त्री उभी आहे, एका हातात तिने दिवा धरला आहे, दुसऱ्या हाताच्या तळव्याचा ज्योतीला आडोसा केला आहे, आणि त्या तळव्याच्या बोटांमधून पाझरणारा तांबूस प्रकाश तिच्या चेहऱ्यावर पसरला आहे. या चित्रासाठी हळदणकरांची कन्या गीता उभी राहिली होती, आणि वडिलांनी आपल्याला सलग तीन तास तशा अवस्थेत उभे ठेवले होते, असे त्या पुढे सांगत असत.

चित्राच्या गुणांचा विचार कलेच्या जाणकारांनी करावा. प्रस्तुत प्रकरणाचा विषय शरीराच्या हालचालींवर मज्जासंस्थेचा अंमल कसा चालतो हा आहे, आणि त्यासाठी धावणारा मल्ल किंवा नृत्यात रमलेली नर्तकी यांऐवजी तीन तास न हलता उभी राहिलेली ही स्त्री निवडण्यास कारण आहे. हालचाल म्हटली की हात उचलणे, पाऊल टाकणे, चेंडू फेकणे अशा डोळ्यांत भरणाऱ्या क्रिया आपल्या मनात येतात, आणि त्या करवणारा मेंदू म्हणजे हुकूम सोडणारा कोणी सर्वाधिकारी आहे अशी आपली समजूत होऊन बसते. परंतु मज्जासंस्थेच्या श्रमांचा फार मोठा वाटा आपल्या लक्षातही न येणाऱ्या एका कामी खर्च होतो, ते काम म्हणजे शरीराला पडू न देणे. आणि हे काम सुटलेल्या हुकुमांपेक्षा परत आलेल्या बातमीवर कितीतरी अधिक अवलंबून असते.

माणसाच्या देहाचा गुरुत्वमध्य ओटीपोटाच्या पातळीवर असतो, आणि तेथून सोडलेला ओळंबा घोट्याच्या सांध्यातून न जाता त्याच्या काही सेंटिमीटर पुढे पडतो. याचा अर्थ असा की, ताठ उभा असलेला प्रत्येक मनुष्य क्षणोक्षणी पुढच्या बाजूस कोसळू पाहत असतो आणि पोटरीचे स्नायू त्याला मागून ओढून धरीत असतात. त्यातही वरून दिसणाऱ्या फुगीर स्नायूच्या आड दडलेला, सोलिअस नावाचा पसरट स्नायू या कामी सर्वाधिक राबतो. ओढ थोडी अधिक झाली की देह मागे झुकतो, थोडी उणी पडली की पुढे. आणि म्हणून अगदी निश्चल भासणाऱ्या माणसालाही दाब मोजणाऱ्या पाटावर उभे केले, तर त्याच्या भाराचे केंद्र तळपायांखाली सतत इकडेतिकडे फिरताना दिसते. चित्रकाराला स्थिर वाटलेली ती मूर्ती वस्तुतः एक क्षणभरही स्थिर नव्हती.

पोटरीच्या स्नायूला आज्ञा पोहोचवणाऱ्या मज्जापेशी मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाशी, कमरेच्या वरच्या बाजूस असतात, आणि त्यांतील प्रत्येकीपासून निघालेला तंतू मध्ये कोठेही न तुटता जवळजवळ एक मीटर अंतर उतरून पोटरीत शिरतो. तेथे त्याला असंख्य फाटे फुटतात. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका मज्जापेशीच्या ताब्यात जेमतेम दहा-बारा स्नायुतंतू असतात, कारण तेथे काम नाजूक असते; पोटरीत तीच संख्या एक-दोन हजारांपर्यंत जाते. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये जी अतिसूक्ष्म फट राहते ती ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन ओलांडते, आणि ते पलीकडे पोहोचले की त्या पेशीच्या ताब्यातील सर्व तंतू एकदम आकुंचन पावतात. अर्धेमुर्धे आकुंचन या व्यवस्थेत नाही. मग ओढ कमीजास्त कशी होते? एक तर अधिक मज्जापेशी कामास लागतात, नाही तर कामास लागलेल्या पेशी अधिक वेगाने संदेश सोडू लागतात. यातही एक शिस्त आहे: लहान पेशी आधी कामावर येतात, मोठ्या पेशींना मागाहून, गरज वाढली तरच, बोलावणे जाते. लहान पेशींच्या हाताखालचे तंतू मंद आकुंचणारे परंतु न थकणारे असतात, आणि सोलिअसमध्ये अशाच तंतूंचा भरणा असतो. तीन तास उभे राहणे ज्यामुळे शक्य झाले त्याचे पहिले कारण हे आहे.

या मज्जापेशींवर वरून मेंदूचे हुकूम येतात. मेंदूच्या पृष्ठभागापासून निघून मज्जारज्जूत उतरणाऱ्या मुख्य मार्गात एकेका बाजूस सुमारे दहा लक्ष तंतू असतात, आणि मेंदूच्या देठाशी ते बहुतांशी बाजू बदलतात, म्हणून उजवा हात डाव्या मेंदूच्या आज्ञेत राहतो. परंतु मज्जारज्जू ही नुसती हुकूम खाली पोहोचवणारी वाट नव्हे. म्हैसूर संस्थानात राज्याचे धोरण दिवाणांच्या कचेरीत ठरे, तरी तालुक्याच्या अमलदारास रोजच्या बंदोबस्तासाठी दर वेळी हुजुरांकडे खलिता धाडून उत्तराची वाट पाहत बसावे लागत नसे. तालुक्याची बातमी तालुक्यात येई, तिचा निकाल तेथेच लागे आणि वर जाई ती केवळ वर्दी. मज्जारज्जूची मुखत्यारी पुष्कळशी अशीच आहे.

ही स्थानिक बातमी आणणारी इंद्रिये स्नायूंच्या आतच असतात. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांस निमुळती अशी ही सूक्ष्म इंद्रिये, ज्यांस स्नायुतर्कू म्हणतात, स्नायुतंतूंच्या समांतर पसरलेली असतात, आणि स्नायू ताणला गेला की तीही ताणली जाऊन त्यांच्याभोवती गुंडाळलेले ज्ञानवाही तंतू संदेश सोडू लागतात. शरीरातील सर्वांत वेगवान तंतूंत यांची गणना होते. सेकंदाला 80 ते 120 मीटर या वेगाने ते आपली वर्दी मज्जारज्जूत पोहोचवतात आणि तेथे थेट त्याच स्नायूच्या क्रियावाही पेशीला ती देतात. गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने हलकेच ठोकून पाय उडतो की नाही हे वैद्य पाहतात, ते याच मार्गाची तपासणी करण्यासाठी. पोटरी एकाएकी ताणली गेली तर तिचे प्रत्युत्तर सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागात उमटते, तर डोळ्यांनी पाहून, समजून, मग स्नायू हलवण्यास सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. एवढ्या विलंबाने जागा होणारा मेंदू एकटाच देहाचा तोल सांभाळू म्हणता, तर दिवा केव्हाच हातातून पडला असता.

ज्या इंग्रज शास्त्रज्ञाने या मार्गांचा जन्मभर शोध घेतला त्या चार्ल्स शेरिंग्टन यांस 1932 साली एडगर एड्रियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. शेरिंग्टन यांच्या शोधांपैकी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो निग्रहाचा. एक स्नायू आकुंचन पावावा म्हणून मज्जारज्जूतून संदेश सुटतो त्याच वेळी त्याच्या विरुद्ध काम करणाऱ्या स्नायूच्या मज्जापेशींना आवर घातला जातो. पोटरी ओढू लागली की नडगीवरच्या स्नायूला थांबवून धरले जाते. हे थांबवणे म्हणजे नुसता संदेशाचा अभाव नाही. त्यासाठी स्वतंत्र पेशी नेमलेल्या असतात आणि चेतवणाऱ्या पेशींइतक्याच त्या कामसू असतात. शांत उभ्या असलेल्या शरीरात अशा निग्रहाचे अव्याहत काम चाललेले असते, आणि धनुर्वाताच्या किंवा कुचल्याच्या विषाने हा निग्रह नष्ट झाला म्हणजे परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आखडून देह कमानीसारखा वाकतो, हे आपल्याकडील जुन्या वैद्यांनीही पाहिलेले आहे.

तथापि ताणाला प्रत्युत्तर एवढ्यावर उभे राहण्याचा सर्व उलगडा होतो असे जे पुष्कळ वर्षे मानले गेले ते अपुरे ठरले. या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील संशोधकांनी शांत उभ्या असलेल्या माणसांच्या पोटरीतील स्नायुतंतू ध्वनिलहरींच्या साहाय्याने प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा देह पुढे झुकत असता ते तंतू ताणले जाण्याऐवजी आखूड होताना आढळले. टाचेची कंडरा लवचिक असल्यामुळे देह पुढे गेला की लांबते ती कंडरा, आणि तिला सावरण्यासाठी स्नायू आधीच आवळू लागलेला असतो. म्हणजे मज्जासंस्था चूक घडल्यावर ती दुरुस्त करीत बसत नाही. पुढच्या क्षणी देह कोठे असेल याचा अंदाज बांधून ती अगोदरच हात चालवते.

असा अंदाज बांधण्यास खात्रीलायक बातमी हवी, आणि ती तीन ठिकाणांहून येते. पहिली बातमी स्नायू, सांधे आणि तळपायाची त्वचा यांच्याकडून. दुसरी कानाच्या आतील तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारच्या, चुन्याच्या सूक्ष्म खड्यांचा भार असलेल्या पिशव्या यांच्याकडून, कारण डोके कोणत्या बाजूस वळले आणि खालची दिशा कोणती हे त्यांनाच कळते. आणि तिसरी डोळ्यांकडून. या तिघांपैकी दोघांची साक्ष जुळली तर माणूस उभा राहू शकतो, दोघे फितले तर पडतो. बर्लिनचे वैद्य मोरित्झ रोम्बेर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वर्णिलेली तपासणी या तत्त्वावरच आधारलेली आहे: रोग्यास पाय जुळवून उभे करावे आणि डोळे मिटावयास सांगावे. ज्याच्या मज्जारज्जूतील ज्ञानवाही मार्ग रोगाने नासले आहेत तो डोळे उघडे असेतो ठीक उभा राहतो आणि मिटताच डोलू लागतो.

याहून विलक्षण उदाहरण एका तरुण इंग्रज खाटकाचे आहे. 1971 साली, एकोणिसाव्या वर्षी, तापाच्या आजारानंतर त्याच्या मानेखालील शरीराची स्पर्शाची आणि स्थितीची सर्व जाण नाहीशी झाली. क्रियावाही तंतू शाबूत होते, स्नायूंतील बळ शाबूत होते, मेंदूचे हुकूम बिनतक्रार खाली पोहोचत होते. तरीही तो बिछान्यावर उठून बसू शकत नव्हता, कारण हुकुमाचे पुढे काय झाले याची वर्दी त्याच्याकडे येत नव्हती. अनेक महिन्यांच्या असामान्य जिद्दीने तो नजरेने अवयव पाहून ते हलवण्यास शिकला, चालूही लागला. परंतु खोलीतला दिवा अकस्मात मालवला तर तो जागच्या जागी कोसळे. डोळस माणसाचा हा असा परावलंबी तोल पाहिला म्हणजे आपल्या तळपायांतून अहोरात्र वर चढणाऱ्या मुक्या बातमीची किंमत कळते.

आता हाताकडे येऊ. दिवा उचलण्यासाठी बाहू पुढे आला की देहाचा गुरुत्वमध्य पुढे सरकणार, हे उघड आहे. 1967 साली मॉस्कोच्या संशोधकांनी उभ्या माणसास झटकन हात वर करण्यास सांगून त्याच्या निरनिराळ्या स्नायूंतील विद्युत्स्पंद नोंदले, तेव्हा त्यांस असे दिसले की, खांद्याचा स्नायू चेतण्यापूर्वीच पायाच्या मागील बाजूचे स्नायू कामास लागलेले असतात. माणसाच्या मनात केवळ हात उचलण्याचा विचार असतो; पायांना आधी सावध करावे हे त्याला कोणी शिकवलेले नसते, आणि आपण ते करतो हे त्याला कळतही नाही. दिवा उचलताना पहिली हालचाल पोटऱ्यांत आणि मांड्यांत होते!

एकदा उचललेला हात तसाच धरून ठेवणे हे आणखी निराळे काम. निरोगी माणसाचाही पसरलेला हात सेकंदाला आठ ते बारा वेळा अतिशय बारीक थरथरतो, आणि थकवा, थंडी किंवा भय यांनी ती थरथर डोळ्यांना दिसेल इतकी वाढते. तिला मर्यादेत ठेवण्याचा, आणि एकंदर हालचालीला माप देण्याचा, अधिकार प्रामुख्याने लहान मेंदूकडे आहे. डोक्याच्या मागच्या खालच्या भागात बसलेल्या या अवयवाचे वजन सबंध मेंदूच्या एक दशांशाइतके. पण मेंदूतील सुमारे 8,600 कोटी मज्जापेशींपैकी जवळजवळ 6,900 कोटी एवढ्या जागेत सामावलेल्या असतात. सुटलेल्या हुकुमाची एक नक्कल येथे येते, परत आलेली वर्दीही येथे येते, आणि दोन्ही ताडून पाहून पुढचा हुकूम सुधारला जातो. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूस गोळी लागून जखमी झालेल्या सैनिकांची तपासणी गॉर्डन होम्स या वैद्याने अतिशय बारकाईने केली. अशा सैनिकाला नाकाच्या शेंड्यास बोट लावावयास सांगितले, तर बोट नाकाजवळ येता येता अधिकाधिक हेलकावे खाऊ लागे आणि नाकावर न टेकता गालावर आदळे. त्याच्यात बळ होते, इच्छा होती. माप हरवले होते.

याच्या उलट एक खोटी निश्चलताही असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळपट पट्ट्यातील पेशी झिजल्या म्हणजे डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडते, अंग ताठरते, हालचाल सुरू होता होत नाही, आणि स्वस्थ ठेवलेला हात सेकंदाला चार ते सहा वेळा कापू लागतो. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली वर्णिलेल्या या व्याधीला आपल्याकडे कंपवात म्हणतात. तिच्या आधुनिक शोधाच्या इतिहासात भारतीय वनस्पती दोनदा येतात याचे मला फार अगत्य वाटते. सर्पगंधेपासून काढलेले रेसर्पीन हे औषध स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी सशांना दिले, तेव्हा ससे दगडासारखे निश्चेष्ट पडले, आणि एल-डोपा हे द्रव्य टोचताच थोड्याच वेळात पुन्हा हिंडूफिरू लागले. ही गोष्ट 1957 सालची. तेच एल-डोपा वीस वर्षे आधी, 1937 साली, दामोदरन आणि रामस्वामी यांनी मद्रासच्या प्रयोगशाळेत खाजकुयलीच्या बियांतून वेगळे केलेले होते. कोकणातल्या कुंपणांवर चढणाऱ्या ज्या वेलीच्या शेंगा अंगाला लागल्या तर खाजेने जीव नकोसा होतो, तिच्या बिया आपले वैद्य पूर्वापार वापरीत आले आहेत.

जगन्मोहन राजवाड्याचे या विषयाशी आणखी एक नाते आहे. चौथ्या कृष्णराज वाडियारांच्या आश्रयाने तिरुमलै कृष्णम्माचार्य यांची योगशाळा 1933 साली याच वास्तूच्या एका भागात सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा एक मेहुणा, आजारांनी जर्जर झालेला पंधरा वर्षांचा मुलगा, त्यांच्याकडे राहण्यास आला. हे बेळ्ळूरचे बी. के. एस. अय्यंगार. 1937 साली गुरूंनी त्यांस काही महिन्यांपुरते म्हणून पुण्यास धाडले आणि ते जन्मभर पुण्याचेच होऊन राहिले. त्यांच्या शिकवणीचा बारकाईने विचार केला, तर तिचा फार मोठा भाग मज्जासंस्थेकडे येणारी बातमी शुद्ध करण्यात खर्च होतो असे दिसते. 1966 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट ऑन योग’ या त्यांच्या ग्रंथात आसनांच्या वर्णनाचा आरंभ ताडासनाने होतो, म्हणजे नुसत्या उभे राहण्याने: भार टाचेवर पडतो की चवड्यावर, तळव्याची आतली कड दबते की बाहेरची, याकडे विद्यार्थ्याचे लक्ष वळवले जाते, आणि ज्या वर्दीचा निकाल एरवी मज्जारज्जूत परस्पर लागून जातो ती थोडा वेळ मनाच्या दप्तरी दाखल होते. व्हायोलिनवादक यहुदी मेन्यूहिन 1952 साली मुंबईत त्यांना भेटले, त्यांच्याकडे शिकू लागले, आणि दोन वर्षांनी आपला सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक म्हणून कोरलेले घड्याळ त्यांनी अय्यंगारांना भेट दिले. अय्यंगार व्हायोलिन वाजवीत नव्हते. परंतु गज धरणाऱ्या हाताची मोकळीक खांद्यातून, आणि खांद्याची पाठीच्या कण्यातून येते, हे त्या थोर वादकाला त्यांच्यापाशी उमगले असावे.

अय्यंगारांनी भिंत, दोर, खुर्ची, लाकडी ठोकळे अशी साधने आसनांच्या शिक्षणात आणली, ती दुर्बलांना आधार मिळावा म्हणून, असे सामान्यतः समजतात. ते खरेच आहे; पण प्रयोगशाळेत त्याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट आढळून आली आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी एकामागे एक पाऊल ठेवून उभ्या राहिलेल्या माणसांस बोटाचे टोक शेजारच्या दांडीला नुसते टेकवावयास सांगितले. दाब शंभर ग्रॅम वजनाहून कमी, म्हणजे पडणाऱ्या देहाला सावरण्यास पूर्णपणे निरुपयोगी. तरीही त्यांचे डोलणे जवळजवळ निम्म्यावर आले. दांडीने बळ दिले नव्हते, देह कोणत्या बाजूस आणि किती सरकला याची बातमी बोटाच्या टोकातून दिली होती. उतारवयात तळपायांची जाण बोथट होत जाते, आणि अंगात पुरेसे त्राण असलेली घरातील वडील माणसेही रात्री उठल्यावर भिंतीवरून बोटे फिरवीत न्हाणीघराकडे जातात, ते याच कारणाने. ताडासनात भिंतीला पाठ लावून उभा राहणारा वृद्ध शिष्य भिंतीकडून जितका आधार घेतो त्याहून अधिक बातमी घेत असतो, आणि भिंतीपासून चार बोटे पुढे सरकताच तीच बातमी त्याला पुन्हा आपल्या टाचांतून आणि चवड्यांतून मिळवावी लागते.